जिलबीचा दाखला

जाहिरातींत साहित्यगुण शोधू जाणे कित्येकांस विनोदी वाटेल. तरीही १९९०च्या दशकातील ‘धारा’ या खाद्यतेलाची दूरचित्रवाणीवरील जाहिरात ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आमचे म्हणणे पटावे. घरच्यांवर रुसलेला एक चिमुरडा घर सोडून रेल्वे स्थानकावर येतो. ओळखीचे वृद्ध रामूकाका त्याला गाठतात. घरी आईने गरमागरम जिलब्या केल्या आहेत, एवढे ते सांगतात आणि मुलाचे डोळे विस्फारतात. बंड तिथेच संपते. पात्रे, पेच आणि उकल इतक्या काटकसरीने मांडणारी ही गोष्ट आमच्या कथालेखकांनीही अभ्यासावी.

ख्रिस्ती वाचकाला येथे लूककृत शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायाची आठवण न झाली तरच नवल. तोही मुलगा घर सोडतो. त्यालाही प्रथम आठवते ती बापाच्या घरची भाकर. परंतु दाखल्यात बाप धावत येऊन त्याच्या गळ्यात पडतो आणि भाकरीचा हिशेब मागे राहतो. जाहिरातीत उलटे घडते. आईच्या मायेपासून निघालेली गोष्ट कढईतल्या तेलापाशी येऊन थांबते. शिवाय दाखला थोरल्या भावाला घराबाहेर उभा ठेवून संपतो. तो आत गेला की नाही, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे. जाहिरातीला असा श्रोता परवडत नाही. तिचे उत्तर आधीच ठरलेले असते व ते वाण्याच्या दुकानात मिळते.

प्रौढ प्रेक्षक हे ओळखून हसू शकतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मात्र गोष्ट सांगणारा आणि माल विकणारा यांतील भेद सहसा उमगत नाही. म्हणूनच स्वीडनने बारा वर्षांखालील मुलांना उद्देशून दूरचित्रवाणीवर जाहिरात करण्यास मनाई केली आहे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात तेरा वर्षांखालील मुलांसाठी १९८० पासून बंदी आहे. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. वस्तू न घेणारे मूल इतरांहून कमी ठरते असे सुचवू नये, घरच्या पारंपरिक अन्नापेक्षा आपला माल सरस असल्याचा भास निर्माण करू नये, असे त्यांत आहे. तत्त्वे चांगलीच आहेत. परंतु नियम बोट ठेवतो ते विधानावर. मुलाची उंची वाढविण्याचे वचन देणारी भुकटी कधीतरी सापडेल; जिलबी सापडणार नाही. तिने खोटे काही सांगितलेले नाही, आणि तिचे बोलणेही वरकरणी आईशीच आहे.

तेव्हा ही समीक्षा घरातच व्हावयास हवी. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ च्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशात दूरचित्रवाणीला मुलांची दाई करणाऱ्या पालकांना सावध केले होते. मुलांनी किती व काय पाहावे यावर बंधन घालावे, प्रसंगी संच बंद करावा. पण पाहिलेल्यावर मुलांशी बोलावेही, असा त्यांचा आग्रह होता. आपल्या धर्मग्रामांत यातील पहिला भाग लोकांनी ऐकला, दुसरा फारसा कोणी ऐकला नाही, असे आमचे मत आहे. आता तर मोबाइलमुळे मूल काय पाहते तेही आईबापांना दिसत नाही.

ज्यांनी बालपणी ती जिलबी पाहिली, तेच आज आईबाप आहेत. त्यांनी सायंकाळच्या रोझरीआधी अर्धा तास मुलांसोबत बसावे. जाहिरात लागली की आवाज बंद करून विचारावे: ही गोष्ट कोणी सांगितली? आपण काय घ्यावे अशी त्याची इच्छा आहे? मूल रामूकाकांना लगेच ओळखील. तेलाचा डबा ओळखायला त्याला थोडा वेळ लागेल. तेवढा वेळ त्याला द्यावा.