ईश्वराची काठी आणि काठीचा जाब

(घाटनांदूर येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की हे आपल्या गावापासून फार लांबचं आहे. प्राचीन इस्राएलचे राजे, त्यांचे संदेष्टे, अश्शूर आणि बाबेलच्या स्वाऱ्या, यांचं घाटनांदूरला काय? पण ‘अस्मानी-सुलतानी’ हा शब्द आपल्याकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही कळतो. आभाळातून आलेलं संकट ते अस्मानी आणि राज्यकर्त्याकडून आलेलं ते सुलतानी. आपण दोन्ही एका दमात बोलतो, मात्र मध्ये एक आडवी रेघ ठेवतो. त्या प्राचीन ग्रंथकारांनी ही रेघच पुसली. ते म्हणाले, सुलतानी हीच अस्मानी. परका राजा चालून आला तर तो देवानेच पाठवलेला असतो. हा विचार कितपत टिकतो, आणि मराठीत तो आला तेव्हा त्याचं काय झालं, एवढंच आज तपासायचं आहे.

आधी तो विचार नीट समजून घेऊ. इसवी सनापूर्वी आठव्या शतकात अश्शूर ही त्या भागातली सगळ्यात मोठी लष्करी सत्ता होती. इ.स.पू. ७२२च्या सुमारास तिने उत्तरेकडचं इस्राएलचं राज्य बुडवलं, राजधानी शोमरोन घेतली. ७०१मध्ये सन्हेरीब दक्षिणेत यहूदावर चालून आला. लाखीशचा पाडाव कसा केला, ते त्याने आपल्या महालाच्या भिंतींवर दगडात कोरून घेतलं. त्या शिळा आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. कैदी आणि बैलगाडीत भांडीकुंडी घालून निघालेली कुटुंबं त्यात दिसतात.

अशा वेळी यशया हा संदेष्टा काय म्हणतो? त्याच्या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात तो अश्शूरला देवाच्या रागाची काठी ठरवतो. साधारण वाचक इथेच थांबतो. पण थोडं मागे आणि थोडं पुढे वाचलं पाहिजे. मागे, त्याच अध्यायाच्या सुरुवातीला, शिक्षा कशाबद्दल ते दिलंय. अन्यायाचे कायदे लिहिणारे, गरिबाचा न्याय हिरावणारे, विधवा आणि पोरक्यांना लुबाडणारे, त्यांच्यावर ही काठी आहे. म्हणजे आरोपपत्र आधी वाचलं जातं. आणि पुढे काय आहे? यशया म्हणतो, अश्शूरला वाटतं हे सगळं आपण आपल्या बळावर करतोय. त्याच्या मनात न्याय नाही, लूट आहे. म्हणून काम झालं की देव अश्शूरलाही जाब विचारणार. कुऱ्हाडीने ती चालवणाऱ्यापुढे कसली फुशारकी मारायची, असा त्याचा प्रश्न.

म्हणजे या विचाराला तीन पाय आहेत बघा. शिक्षा होणाऱ्याचा नेमका गुन्हा सांगितला पाहिजे, हा एक. शिक्षा करणारा हा केवळ साधन आहे, हा दुसरा. आणि साधन झालं म्हणून तो निर्दोष ठरत नाही, हा तिसरा. यातला एक पाय काढला तरी तिवई कोसळते. माझा आजचा सगळा मुद्दा या तिसऱ्या पायाविषयी आहे.

आता कोणी म्हणेल, हे इस्राएली लोकांचंच वैशिष्ट्य आहे का? नाही. शेजारच्या मवाबच्या मेशा राजाचा शिलालेख १८६८मध्ये सापडला. त्यात तो म्हणतो की आमचा देव कमोश आपल्याच भूमीवर रागावला होता, म्हणून इस्राएलने आम्हाला पीडलं. अगदी हाच विचार! पुढे ५३९मध्ये कोरेशाने बाबेल जिंकलं, तेव्हा तिथल्या मृत्तिका-लेखात लिहिलं गेलं की मार्दुक देवाने त्याला निवडलं. आणि यशयाच्याच ग्रंथाच्या उत्तरार्धात तोच कोरेश इस्राएलच्या देवाचा अभिषिक्त आहे. राजा एक आणि त्याला पाठवल्याचा दावा करणारे देव दोन! तेव्हा ‘देवाने पाठवला’ हे वाक्य तेवढ्यावरून खरं-खोटं ठरत नाही. ते कोण बोलतो आणि कशासाठी बोलतो, हे पाहावं लागतं. कोरेशाचा लेख जिंकलेल्याच्या बाजूने लिहिलाय. यशया आणि यिर्मया हरणाऱ्यांमधले आहेत. जिंकणारा हे वाक्य बोलतो तेव्हा तो सनद मिळवत असतो. हरणारा तेच बोलतो तेव्हा तो निदान आपल्या घरातला केर बघत असतो.

यिर्मयाचंच बघा. बाबेलचा नबुखद्नेस्सर यरुशलेमवर आला, तेव्हा यिर्मयाच्या ग्रंथात देव त्या परक्या राजाला चक्क आपला सेवक म्हणतो. मानेवर जू घेऊन यिर्मया शहरात फिरला, शरण जा म्हणाला. लोकांनी त्याला फितूर ठरवलं आणि चिखलाच्या टाक्यात सोडलं. त्याला बाहेर काढलं ते एबद-मलेख नावाच्या एका परदेशी कूशी सेवकाने. पण याच यिर्मयाच्या ग्रंथात लिहिलंय की सत्तर वर्षं भरली की बाबेलच्या राजाचाही झाडा घेतला जाईल. म्हणजे तिसरा पाय इथेही शाबूत आहे.

परक्या राजाचं हे झालं. स्वतःच्याच राजाने देवाचा न्याय हाती घेतला तर? इथे येहूची कथा फार बोलकी आहे. अहाब राजाला राजवाड्याशेजारच्या नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता, भाजीपाल्याची बाग करायला. नाबोथ म्हणाला, वडिलोपार्जित जमीन आहे, देणार नाही. मग राणी ईजबेलने राजाच्या शिक्क्याने पत्रं लिहिली, दोन खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला दगडांनी मारलं आणि मळा सरकारजमा. तुम्हाला हे समजावून सांगायला नको. सातबारा, शिक्का आणि साक्षीदार ही तिन्ही माणसं आपल्या ओळखीची आहेत!

या पापाबद्दल अहाबाचं घराणं नष्ट होईल, असं एलिया संदेष्टा सांगतो. पुढे येहू नावाच्या सेनापतीला राज्याभिषेक होतो आणि तो हे काम करतो. कसं करतो? राजाला मारतो, ईजबेलला खिडकीतून खाली टाकवतो, सत्तर राजपुत्रांची मुंडकी टोपल्यांत भरून इज्रेलला मागवतो आणि वेशीपाशी ढीग लावतो. राजांच्या ग्रंथात याबद्दल त्याला शाबासकी आहे, चार पिढ्यांचं राज्य बक्षीस आहे.

पण त्याच पवित्र ग्रंथात, शंभरएक वर्षांनंतरचा होशेय काय म्हणतो? त्याच्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात देव सांगतो की इज्रेलच्या रक्तपाताबद्दल मी येहूच्या घराण्याला शासन करणार. ज्या कामाची शाबासकी एका ठिकाणी, त्याच कामाचा गुन्हा दुसऱ्या ठिकाणी. काही टीकाकार ही विसंगती मिटवायला बघतात. म्हणतात, येहूचा हेतू वाईट होता म्हणून. मला ती मिटवायची गरज वाटत नाही. परंपरेने दोन्ही निकाल जपून ठेवले, हेच तिचं मोठेपण. आणि येहूचं पुढे काय झालं? शल्मनेसर तिसऱ्याच्या काळ्या स्तंभावर येहू, किंवा त्याचा दूत, अश्शूरच्या राजापुढे जमिनीला कपाळ टेकून खंडणी देताना कोरलाय. ईश्वराची तलवार म्हणवणाऱ्याला शेवटी कोणाचं मांडलिकत्व पत्करावं लागलं, ते बघा.

आता मराठीकडे येऊ. हे सगळे ग्रंथ पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणले. १९२२मध्ये त्यांचं निधन झालं, तोवर काम पुरं झालं होतं. त्यांचे आई, वडील आणि बहीण १८७०च्या दशकातल्या दुष्काळात अन्नावाचून गेले होते. ईश्वरी कोपाची ही सगळी पानं ज्या हाताने मराठीत आली, तो हात भुकेने माणसं जाताना पाहिलेला होता. एवढं लक्षात ठेवून ती पानं वाचावीत.

पण आपल्या राजकीय विचारात ही कल्पना रमाबाईंच्या भाषांतराच्या फार आधी आली. लोकहितवादी, म्हणजे गोपाळ हरी देशमुख, यांनी १८४८ ते १८५०मध्ये ‘प्रभाकर’ साप्ताहिकात शतपत्रं लिहिली. पेशवाई बुडून तीस वर्षं झाली होती. आपण आळशी झालो, अज्ञानी झालो, जातीत अडकलो, म्हणून ईश्वराने इंग्रज इथे आणले. आपण शहाणे झालो की राज्य आपल्याकडे येईल, असा त्यांचा सूर. पुढे न्यायमूर्ती रानड्यांनी इंग्रजी राज्यात ईश्वरी योजना पाहिली. जोतीराव फुल्यांनाही, वेगळ्या कारणाने, ब्राह्मणशाहीच्या दास्यातून शूद्रांना सोडवायला देवाने इंग्रज धाडले असं वाटलं.

या तिघांची थट्टा करणं सोपं आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत लोकहितवादींची ती केलीही. पण थट्टेने विचार खोटा पडत नाही. लोकहितवादींनी पहिला पाय भक्कम रोवला, तो म्हणजे स्वतःचा गुन्हा नाव घेऊन सांगणं. जिंकलेल्या समाजात हे धैर्य दुर्मीळ असतं, आणि चिपळूणकरांच्या तडफदार गद्यात नेमकं तेच कमी आहे. माझा आक्षेप वेगळाय. लोकहितवादींनी काठीला मास्तर केलं. यशयाचा अश्शूर हा लुटारू आहे, देवाच्या हातात असूनही लुटारूच. शतपत्रांतला इंग्रज शिक्षक होतो. मास्तरला कोण जाब विचारणार? तिसरा पाय तिथे लुळा पडला. तरी एक सांगितलं पाहिजे. देशी माल वापरा, असंही शतपत्रांत लोकहितवादींनीच लिहिलं. म्हणजे डोळ्यांना लूट दिसत होती, सिद्धांतात मात्र तिला जागा नव्हती.

रानडे आणि फुले यांनी हा पाय आपापल्या कृतीने भरून काढला. १८७६–७८च्या दुष्काळात रानड्यांच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यातून माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. फुल्यांनी १८८३मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. त्यात भटशाही तर आहेच, पण शेतसारा आहे, गोऱ्या अधिकाऱ्यांचे भारी पगार आहेत, त्यांची ऐषबाजी आहे. १८८८मध्ये पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या समारंभाला ते शेतकऱ्याच्या वेषात गेले. ज्या सत्तेला देवाने धाडलं म्हणायचं, तिच्याच राजपुत्रासमोर फाटक्या वेषात उभं राहून हिशेब मागायचा. यशयाच्या दहाव्या अध्यायाच्या सगळ्यात जवळ जाणारा मराठी माणूस मला तरी हाच दिसतो.

आणि आपली लोकपरंपरा? दामाजीपंतांची कथा घ्या. दुष्काळ पडला, मंगळवेढ्याच्या दामाजीने बिदरच्या बादशहाचं कोठार भुकेल्यांना खुलं केलं. बादशहाने पकडून आणायला माणसं धाडली. तेव्हा विठ्ठल महाराचं रूप घेऊन दरबारात गेला आणि धान्याचे पैसे भरून पावती घेऊन आला. केवढा फरक आहे! तिकडचा देव राजाला काठी करतो, आपला देव राजापुढे देणेकरी होऊन उभा राहतो. ही कथा मला अतिशय प्रिय आहे. पण विचाराने पाहिलं तर तिच्यात एक प्रश्न कोणीच विचारत नाही. रयत उपाशी मरत असताना कोठाराला कुलूप का होतं? देव कुलपाची किंमत भरतो, कुलूप लावणाऱ्याला काही म्हणत नाही. उलट बादशहाला दर्शन घडतं! करुणेत आपण पुढे आहोत, जाब विचारण्यात मात्र मागे.

आता त्या प्राचीन विचाराची खरी दुबळी जागा सांगतो. काठी राजावर उगारलेली असते, बसते ती लेकरांवर. अन्यायाचे कायदे लिहिणारे मूठभर. लाखीशच्या शिळेवर बैलगाडीत बसलेल्या मुलांनी कुठला कायदा लिहिला होता? याचं उत्तर संदेष्ट्यांकडे नाही. पण प्रश्न त्याच ग्रंथात आहे, हे विसरू नका. हबक्कूक देवालाच विचारतो की दुष्ट माणूस आपल्याहून बऱ्या माणसाला गिळतो, तेव्हा तू गप्प कसा? विलापगीतात पडलेल्या यरुशलेममधली भुकेली मुलं आहेत, आणि वाडवडिलांच्या पापाचं ओझं आम्ही वाहतोय ही तक्रार आहे. यहेज्केल तर स्पष्ट सांगतो, बापाचं पाप मुलाच्या माथी मारायचं नाही. १९३४च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटलं, तेव्हा रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला. त्या वादाचं बीज इतकं जुनं आहे.

मग हाती काय राहतं? देव मानणाऱ्याने मानावा, न मानणाऱ्याने न मानावा. दोघांनाही उपयोगी पडेल अशी एक कसोटी मी ठेवतो. ‘हा दैवी कोप आहे’ असं कोणी म्हणालं, की विचारायचं: या वाक्याने कोणाचा हिशेब सुरू झाला आणि कोणाचा बंद झाला? बळकटाचा सुरू होत असेल तर ते संदेष्ट्याचं वाक्य. बळकटाचा बंद होऊन दुबळ्याचा सुरू होत असेल तर ते दरबाऱ्याचं. बीड जिल्ह्यात हे शिकवावं लागू नये. पाऊस न पडणं अस्मानी, कबूल. पण विहिरी किती खोल गेल्या, पाणी कोणत्या पिकाला गेलं, चारा कधी आला, कर्ज कोणाला मिळालं, यातलं आभाळातून काय पडतं? १९७२च्या दुष्काळानंतर या राज्याने रोजगार हमीचा कायदा १९७७मध्ये केला. काम मागणं हा हक्क झाला. कायद्याने अस्मानीतला एक तुकडा कापून सुलतानीच्या खात्यात घातला आणि सुलतानाला सही करायला लावली. मला त्यात यशया दिसतो, देवाचं नाव न घेतलेला.

राजाला काठी म्हणा, मास्तर म्हणा, सेवक म्हणा. जाब विचारायचं मात्र सोडू नका.

एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.