‘ख्रिस्तायन’ आणि शास्त्रपठनाची मराठी रीत

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांच्या श्रद्धेची चर्चा बहुधा १८९३ मधील एका आगगाडीच्या प्रवासापासून सुरू होते आणि १८९५ मधील बाप्तिस्म्यापाशी संपते. राजनांदगावच्या वाटेवर एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. ती वाचता वाचता ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाशी आले आणि तेथे खिळून राहिले. चरित्रकारास हा प्रसंग मोलाचा वाटावा, हे स्वाभाविकच आहे. पण त्यामुळे शास्त्राध्ययन म्हणजे धर्मांतरापूर्वीची एक पायरी, असा ग्रह होतो. टिळकांच्या बाबतीत खरे अध्ययन बाप्तिस्म्यानंतरच्या चोवीस वर्षांत झाले, आणि ते अभंग-ओव्यांच्या रूपाने झाले. त्यांचे काव्य हे त्यांच्या श्रद्धेचे केवळ उद्गार नव्हेत. ते त्यांचे वाचनच आहे.

ही रीत ज्या भूमीतली आहे तिची आठवण येथे अप्रस्तुत ठरू नये. टिळकांचे जन्मगाव करजगाव हे रत्नागिरी जिल्ह्यातले. ह्याच जिल्ह्यात, रत्नागिरी शहरातून भाट्याची खाडी ओलांडून पुलापलीकडच्या भाट्ये गावावरून दक्षिणेस गेले की पावस लागते. तेथे स्वामी स्वरूपानंदांनी (१९०३–१९७४) ज्ञानेश्वरी अभंगांत उतरविली. ओवी समोर ठेवावी, तिचा अर्थ मनात मुरू द्यावा आणि तो पुन्हा आपल्या भाषेत, आपल्या छंदात सांगावा, असे ते कार्य आहे. ‘अभंग ज्ञानेश्वरी’स कोणी भाषांतर म्हणेल, कोणी सुलभीकरण, वस्तुतः ती उपासना आहे. टिळक काळाने आधीचे आणि त्यांचा ग्रंथ निराळा. परंतु ग्रंथाशी नाते जोडण्याची रीत दोघांचीही एकच. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. त्या उक्तीचा अर्थ केवळ भक्तिभावाच्या साम्यापुरता घेतला जातो. तिच्यात पठनपद्धतीचेही सूचन आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

ही पद्धत एकमेव नव्हती. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदय’ ह्या आत्मचरित्रात (१८८८) शास्त्र वाचले जाते ते मुख्यतः सत्यासत्याचा निवाडा करण्यासाठी. तेथे शंका, वाद व पुरावा ह्यांना प्राधान्य आहे. पंडिता रमाबाईंचा मार्ग याहून कठोर. १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही आपणांस धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही, असे त्यांना पुढे कित्येक वर्षे जाणवत होते. आणि केडगावच्या मुक्तिसदनाचा पसारा सांभाळीत त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. जुन्या तत्त्वज्ञानाचा वास येणारे संस्कृत शब्द त्यांनी कटाक्षाने टाळले. शब्द स्वच्छ केल्याखेरीज शास्त्र आपले खरे बोलणे बोलणार नाही, अशी त्यांची धारणा होती.

टिळकांनी नेमके उलट केले. अभंग, भजन, गुरू, चरण, दरबार हा सारा परंपरेचा शब्दसंभार त्यांनी ख्रिस्ताकडे वळविला. ह्यावर आक्षेप संभवतो, आणि तो क्षुद्र नाही: अशाने शास्त्राचा अर्थ गढूळ होत नाही काय? तुकोबांच्या तोंडचे शब्द घेतले की तुकोबांचा विठ्ठलही मागोमाग यायचा. आक्षेपात तथ्य आहे, हे मान्यच केले पाहिजे. टिळकांच्या काही रचनांत ख्रिस्ताचे इतिहासातले, पॅलेस्टाईनच्या धुळीतले रूप पुसट होऊन केवळ आर्त भाव उरतो. परंतु रमाबाईंची रीत वाचकास ग्रंथाजवळ नेते, तर टिळकांची रीत ग्रंथास वाचकाच्या जिभेवर आणते. आणि जिभेवर आलेले शास्त्र मनुष्याकडून काहीतरी मागू लागते. १९१७ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तशिष्यांसाठी त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला, तो कोणत्याही संस्थेच्या धोरणातून निघालेला नव्हता. अशा वाचनाची परिणती म्हणूनच त्याचा अर्थ लागतो.

येथे फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’शी (१६१६) तुलना सुचते. तेही ओवीबद्ध, तेही देशी वळणाचे. मात्र स्टीफन्स जाणतो आणि सांगतो. श्रोते नवशिके आहेत, कवी नव्हे. ‘ख्रिस्तायन’ रचणारा कवी स्वतःच शोधात आहे. ह्या एका भेदामुळे दोन्ही ग्रंथ एका माळेत ओवण्याची सवय सोडावी लागते.

‘ख्रिस्तायन’ टिळकांच्या हातून पुरे झाले नाही. सुमारे दहा अध्याय लिहून ते गेले, आणि पुढचा प्रचंड भाग लक्ष्मीबाई टिळकांनी रचला. काव्यगुणांच्या तराजूत हा भाग हलका ठरविण्याची घाई होते. ओवी कोठे सैल पडते, हे खरेच. तथापि ह्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलका भाग हाच. लक्ष्मीबाईंना शाळा लाभली नव्हती. १९०० मधील त्यांचा बाप्तिस्मा ग्रंथवाचनातून आलेला नव्हता. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास ठाऊक आहे की सोवळ्याओवळ्याचा आणि जातिभेदाचा पगडा प्रथम त्यांच्या स्वतःच्या विचाराने सुटला, आणि तोही पतीच्या धर्मांतराने झालेल्या ताटातुटीचा दाह सोसल्यावर. म्हणजे श्रद्धा आधी आली, शास्त्र मागून. पतीचे अपुरे काव्य हाती घेतल्यावर मात्र त्यांस शुभवर्तमानातला एकेक प्रसंग ओवीत बसवावा लागला. ओवीत बसवायचे म्हणजे कोण बोलले, कोणास बोलले, बोलताना मनात काय होते, हे ठरविणे आले. प्रवचन ऐकून भागत नाही, नुसत्या पारायणानेही भागत नाही. १९३६ मध्ये त्या निवर्तल्या. ज्या वर्षांत ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होत होती, त्याच उत्तरवयात हे कामही त्यांच्या हाती होते. एका हाताने स्वतःचे आयुष्य, दुसऱ्याने ख्रिस्ताचे: ‘स्मृतिचित्रां’तला निर्मळ, स्वतःस हसणारा स्वर कोठून आला, ह्याचा विचार करताना टीकाकार त्यांच्या स्वभावाकडे बोट दाखवितात, ‘ख्रिस्तायना’कडे क्वचितच.