जुना आवाज, नवा खर्च

वाणिज्य शाखेचा पदवीधर पुढे आयुष्यात सगळे विसरतो, पण एक धडा विसरत नाही. दुरुस्तीचा खर्च महसुली, सुधारणेचा खर्च भांडवली. फुटके कौल काढून तसलेच दुसरे बसवले, तर ती दुरुस्ती. सगळी कौले उतरवून वर स्लॅब टाकला, तर ती सुधारणा. पहिल्या खर्चाने घर होते तसे राहते, दुसऱ्याने घर बदलते. हा भेद न मानणारे दोन वर्ग माझ्या पाहण्यात आहेत. एक आमच्या बँकेत कर्ज मागायला येणारा, आणि दुसरा घरच्या घरी जुने लाउडस्पीकर जिवंत करणारा.

आमच्या जोगेश्वरीत हा दुसरा वर्ग चांगलाच फोफावला आहे. रविवारी सकाळी माळ्यावरून एक खोका खाली येतो. तो कधी मर्फी किंवा फिलिप्सच्या रेडिओचा असतो, तर कधी ऐंशीच्या दशकातल्या स्टिरिओचा. धूळ झटकली जाते, झुरळांची वस्ती उठवली जाते, आणि अकराच्या लोकलने यजमान लॅमिंग्टन रोडला रवाना होतात. त्या रस्त्याचे नाव डॉ. भडकमकर मार्ग होऊन कितीतरी वर्षे झाली; पण स्पीकरवाल्यांना मुळात जुनेच आवडते.

इथपर्यंत माझी तक्रार नाही. उलट कौतुकच आहे. चुंबकात तारेचे वेटोळे हलते आणि त्याला चिकटलेला कागदी शंकू हवा ढकलतो, ही युक्ती राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन इंजिनियरांनी १९२५ साली मांडली. शंभर वर्षे झाली, तरी बहुतेक स्पीकर आजही त्याच युक्तीवर पोट भरतात. त्यात बिघडण्यासारखे फारसे नसते. कडेची फोमची झालर मुंबईच्या दमट हवेत पंधरा-वीस वर्षांत शेवेसारखी चुरगळते. क्रॉसओव्हरमधला कपॅसिटर आतून सुकतो. कागद कुठेतरी फाटतो. झालर त्याच मापाची आणावी, जुना गोंद स्पिरिटने पुसावा, वेटोळ्याभोवती कागदाच्या पट्ट्या खोचून ते बरोबर मध्यावर धरावे, चिकटवावे आणि एक दिवस हात लावू नये. कपॅसिटर तितक्याच मायक्रोफॅरडचा घालावा. फाटलेल्या जागी पातळ कागद आणि पाणी घातलेला फेव्हिकॉल पुरतो. जास्त थापला तर शंकू जड होऊन आवाजाला सर्दी होते. एवढ्याने स्पीकर पुन्हा गाऊ लागतो. खर्च महसुली. खाते बंद.

पण खाते बंद करवत नाही, हेच तर दुखणे आहे. ‘खोका उघडलाच आहे, तर’ या चार शब्दांनी मराठी मध्यमवर्गाचे जेवढे नुकसान केले, तेवढे सट्ट्यानेही केले नसेल. उघडलाच आहे, तर नवा ट्वीटर बसवू. वीस हजार हर्ट्झपर्यंत जातो म्हणे! जाईना का, पण ऐकणाऱ्याची साठी उलटलेली असते, आणि वरच्या कंपनांच्या बाबतीत कान माणसाच्या आधीच सेवानिवृत्त होतात. शिवाय ऐकायचे काय, तर बालगंधर्वांची तबकडी. १९२५ च्या आधी तर गायक कर्ण्यात तोंड घालून गात. त्या मुद्रणात इतक्या वरचे काही उतरलेलेच नाही. नवा ट्वीटर मग इमानेइतबारे एकच गोष्ट ऐकवतो : खरखर.

मग वूफर. जुन्या खोक्याचे पोट जुन्या स्पीकरच्या मापाने बेतलेले असते. त्यात नवा, भारी वूफर कोंबणे म्हणजे बाळाच्या अंगड्यात पैलवान घालणे. आणि खोली? चाळीस हर्ट्झच्या आवाजाची लाट सुमारे २८ फूट लांब. आमची खोली १२ फूट. ती स्वतःच ४७ हर्ट्झच्या आसपास घुमू लागते. त्यामुळे तबल्याचा बोल कुठला आणि खालच्या मजल्यावरच्यांनी छताला मारलेली काठी कुठली, हे ओळखण्याइतका तयार कान अजून आमच्या सोसायटीत निघालेला नाही.

आमच्या मजल्यावरच्या काकांनी हे सगळे केले. “ये रे ऐकायला,” मला म्हणाले, “ओळखणारच नाहीस!” हे वाक्य या मंडळींचे सर्वात मोठे प्रशस्तिपत्रक असते. काकांनी कॅसेट लावली. ऐंशीच्या दशकात सोसायटीच्या गणेशोत्सवात काकूंनी म्हटलेला अभंग. काकूंना जाऊन सहा वर्षे झाली. नव्या स्पीकरमधून पंखा ऐकू आला, मागे कोणी कपबशी ठेवली ती ऐकू आली, टेपची सळसळ तर पावसासारखी. त्या सगळ्यांतून एक धारदार, अनोळखी बाई गात होती. काका अर्ध्यातच उठले. “ही नव्हे,” म्हणाले.

आता कोणी म्हणेल, नवा स्पीकर जास्त खरे बोलत होता. असेलही. पण काका इतकी वर्षे काकूंना त्या जुन्या कागदातून ऐकत आले होते. आवाजाचे अर्धे खाते स्पीकरमध्ये असते, अर्धे ऐकणाऱ्यापाशी. एकीकडची शिल्लक परस्पर बदलली की ताळा जमत नाही. जमेल तरी कसा?

नशीब, जुने स्पीकर कॉटखाली होते. तत्त्व म्हणून नव्हे. काकांच्या पिढीला काही टाकवत नाही म्हणून. त्यांना नवी झालर लावली, खोक्यात पूर्वीच्या जागी बसवले, आणि अभंग पुरा झाला. काका काही बोलले नाहीत. मीही चहा घेऊन घरी आलो.

नव्या गाण्यांसाठी नवा स्पीकर जरूर विकत घ्यावा. फक्त तो जुन्याच्या पोटात घालू नये, आणि घातलाच तर काढलेला भाग जपून ठेवावा. जोगेश्वरीच्या गुंफा जवळजवळ दीड हजार वर्षांच्या. तिथल्या झिजलेल्या खांबाला आधार द्यावा, हे कोणालाही पटेल. पण ‘काम काढलेच आहे, तर’ म्हणून त्याला ग्रॅनाइटच्या लाद्या बसवाव्यात, असे अजून कोणाला सुचलेले नाही. खांब खोक्यात मावत नाहीत म्हणून, दुसरे काय!