पछाडलेलं घर कोण झाडतं?

(जिंतूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

विषय जाहीर झाला 'मराठी भयकथेतला वाडा' असा. मघाशी चहा घेताना एका गृहस्थांनी विचारलं, ‘सर, तुमच्या आखाड्यावरचं जुनं घर तसलंच आहे म्हणतात, खरं का?’ मी म्हटलं, त्याचंच उत्तर द्यायला उभा राहतोय. आता, ऑनलाइन ऐकणाऱ्यांमध्ये पुण्या-मुंबईचे लोक पुष्कळ असतात, त्यांना 'आखाडा' म्हटलं की कुस्तीच आठवते. परभणी-हिंगोलीकडे आखाडा म्हणजे शेतातलं घर. गुरं, कडबा, अवजारं आणि माणसंही तिथंच. आमचा आखाडा जिंतूरहून येलदरीकडे जाताना आत लागतो. आजोबांच्या आधीपासूनचं माळवदाचं घर आहे.

सरळ मुद्द्यावर येतो. मराठीतल्या पछाडलेल्या घराच्या गोष्टी घ्या, पुस्तकातल्या घ्या, पडद्यावरच्या घ्या. त्यातला भिणारा माणूस जवळजवळ नेहमी बाहेरून आलेला असतो. 2004 चा 'पछाडलेला' आठवा. दिलीप प्रभावळकरांचा इनामदार आणि त्याच्या वाड्यात राहायला आलेली तीन पोरं. सिनेमा विनोदी, पण सांगाडा तोच. 'रात्रीस खेळ चाले' 2016 मध्ये झी मराठीवर आली. तिथं अण्णा नाईक गेल्यावर मुंबईकडची माणसं कोकणातल्या घरी गोळा होतात. नारायण धारपांच्या कथांतही अनेकदा कोणीतरी शिकलेला तरुण गावात येतो, वाड्याची चौकशी करतो आणि सापडतो. धारपांनी स्टीफन किंगकडून बरंच घेतलं. 'लुचाई' ही 'सालेम्स लॉट'वर बेतलेली, हे त्यांच्या वाचकांना माहीत आहे. घेतलं याला माझा आक्षेप नाही. पण त्या अमेरिकन गोष्टीबरोबर घराकडे बघायची नजरही आली. रस्त्यावरून दिसणारं, टेकडीवरचं, दिवा नसलेलं घर. त्या घरात सकाळी चूल कोण पेटवतं, हे रस्त्यावरून दिसत नाही.

माझी तक्रार एवढीच आहे. पाहुण्याची भीती आपण शंभर वेळा लिहिली. राहणाऱ्याची फार थोडी.

माळवदाच्या घरात राहणं म्हणजे काय, ते जरा सांगतो, कारण समीक्षक हे सांगत नाहीत. खाली भेंड्याच्या नाहीतर दगड-मातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती. वर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, आणि त्यावर हात-दीड हात मातीचा थर. दरवर्षी मृगाच्या आधी या मातीवर नवी माती टाकून ती चोपावी लागते. एक वर्ष चुकलं की गळतं, दोन वर्षं चुकलं की तुळई कुजते, आणि तिसऱ्या वर्षी लोक म्हणायला लागतात, त्या घरात रात्री काहीतरी वाजतं. वाजतंच! परभणीचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. दिवसभर तापलेलं लाकूड रात्री आकसतं आणि ठक्कन आवाज होतो. बळदात उंदीर असतात. उंदरांसाठी गव्हाणी घुबड येतं आणि ते माणसासारखं किंचाळतं. अंगणात जुनं पेव असेल तर ते उघडल्या उघडल्या माणूस आत उतरला आणि वर आलाच नाही, अशी गोष्ट बहुतेक जुन्या गावांत आहे. ती खरीही असते. बंद धान्य श्वास घेतं, खाली कर्बवायू साठतो. म्हणून जुनी माणसं आधी कंदील सोडून बघायची. कंदील विझला तर लोक म्हणायचे, आत कुणीतरी आहे. शास्त्र वेगळं सांगतं, पण सल्ला दोघांचाही एकच, उतरू नका.

याच्या पलीकडे आपल्याकडे एक भीती आहे, जी कोकणातल्या वाड्याच्या गोष्टीत सापडणार नाही. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. किल्लारीला याच भिंती आणि हीच माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. दहा हजारांच्या घरात माणसं गेली. त्यानंतर कितीतरी दिवस मराठवाडा अंगणात झोपला. स्वतःच्या घराला भिणं म्हणजे काय ते इथल्या माणसाला भयकथा वाचून कळलेलं नाही. आणि अलीकडचं बघा. शेजारी हिंगोली जिल्ह्यात, वसमतकडच्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून वर्षानुवर्षं आवाज येतायत, पेपरात मथळा असतो 'गूढ आवाज'. 2024 च्या मार्चमध्ये आणि पुन्हा 10 जुलैला सकाळी 4.5 तीव्रतेचे धक्के बसले, इथपर्यंत जाणवले. तेव्हा प्रशासनानं सांगितलं, पत्र्यावर आधाराला ठेवलेले दगड काढून घ्या. मराठवाड्यातल्या घराची खरी भयकथा कुणी लिहायला घेतली, तर मला वाटतं ती या वाक्यापासून सुरू होईल.

आता 'तुंबाड'. 2018 चा राही बर्वेंचा सिनेमा, हिंदी असला तरी मुळात धारपांच्या 'आजी' कथेची प्रेरणा त्यामागे आहे. लोक हस्तरबद्दल बोलतात, गर्भाशयासारख्या त्या जागेबद्दल बोलतात, पावसाबद्दल बोलतात. मला त्यातला पहिला भाग सगळ्यात सरस वाटतो, 1918 चा. का, तर तिथं एक बाई आहे, दोन पोरांची आई, आणि साखळीनं बांधलेल्या त्या म्हातारीला खाऊ घालण्याची जबाबदारी तिची आहे. भीती इथं रोजच्या कामाचा भाग झालेली आहे. ताट वाढायचं, न्यायचं, परत यायचं. पुढे विनायक मोठा होतो, सोन्यासाठी ये-जा करायला लागतो, आणि सिनेमा पुन्हा पाहुण्याचा होतो. देखणा होतो, पण पाहुण्याचा. ती म्हातारी तर गुप्तधनाचं कुलूप होऊन राहते. तिच्यावर ही वेळ कशी आली, हे विचारायला सिनेमाला सवड नाही.

गुप्तधनावरून आठवलं. आमच्या घराला दोन वर्षं कुलूप होतं, तेव्हा देवघरात कुणीतरी कमरेइतका खड्डा खणून गेलं. गावात म्हणाले, भुतानं खणलं. मी म्हटलं, भूत टिकाव विसरून जात नाही हो. (हशा) 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनाच्या नावाखालच्या अघोरी प्रकारांचा मुद्दाम उल्लेख आहे. दाभोलकरांच्या खुनानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच डिसेंबरात कायदा झाला. कायदा करणाऱ्यांना ओसाड घर आणि कुदळ यांचं नातं ठाऊक होतं, असं दिसतं.

विशाल फुरियांचा 'लपाछपी', 2017 चा, शेतातल्या घराची गोष्ट म्हणून आपल्याला जवळचा. कर्जाच्या तगाद्याला भिऊन नवरा गरोदर बायकोला घेऊन उसातल्या घरात लपायला येतो. पूजा सावंत आणि उषा नाईक, दोघींची कामं चोख. आणि सिनेमा धीट आहे, कारण तो सांगतो की इथलं भय पोटातच मारलेल्या मुलींचं आहे. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 807 मुली होत्या. मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला हा आकडा सिनेमाच्या बाहेर नेऊन सोडतो. तरी एक गोष्ट खटकतेच. तो ऊस. इतका ऊस, आणि तोडणारं कुणी नाही! फडाच्या कडेला एकही कोपी नाही. आपल्याकडून बैलगाड्या भरून जी माणसं ऊस तोडायला जातात, त्यांना त्या उसात रात्री काय दिसतं, हे कुणी विचारलंय का? दिग्दर्शकाला उसाचा चक्रव्यूह पाहिजे होता, तो त्यानं घेतला. शेत मात्र घेतलं नाही.

मग राहणाऱ्याची गोष्ट कुठाय? माझ्या मते ती महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त आहे, आणि गंमत म्हणजे त्यात भूत नाही. 1985 मध्ये विजया मेहतांनी ते रंगमंचावर आणलं. विदर्भातलं धरणगाव, देशपांड्यांचा वाडा, तात्याजी गेलेले, तेराव्याचा खर्च कसा भागवायचा ही चिंता. अंगणात सडत पडलेला ट्रॅक्टर. आत अंथरुणाला खिळलेली दादी, तिचं वेळेचं भान सुटलेलं. आणि रात्री वहिनी घराण्याचे सगळे दागिने अंगावर चढवते तो प्रवेश. तो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा अंगावर काटा आला. ती बाई जिवंत आहे, पण त्या सोन्यात ती तिची स्वतःची राहिलेली नाही, आधीच्या सगळ्या बायकांची झालेली आहे. पछाडणं आणखी काय असतं? आणि ती प्रभा! शिकायची इच्छा असलेली, घरात अडकून गेलेली मुलगी. पाहुण्यांना ती दिसतसुद्धा नाही.

आता थोडं माझ्याबद्दल. आत्मचरित्र सांगायला आलो नाही, पण हे सांगितलं नाही तर वरचं सगळं ढोंग होईल.

माझी मोठी आत्या तरुणपणीच विधवा होऊन परत आली आणि पुढं आखाड्यावरच राहिली. एकटी. माळवदावर माती तीच टाकून घ्यायची. चार बाया लावायच्या, पाट्या वर चढवायच्या, स्वतः उभं राहून चोपून घ्यायची. रात्री गळतंय का बघायला कंदील घेऊन वर जायची. मी पंचविशीत होतो, धारप वाचून भारलेला. एका दिवाळी अंकात मी कथा लिहिली: शेतातलं जुनं घर, आणि माळवदावर कंदील घेऊन फिरणारी म्हातारी, जी केव्हाच मेलेली आहे. कथेचं कौतुक झालं. तालुक्याला अंकाच्या दोन-तीन प्रती आल्या असतील, पण गोष्ट अंकाशिवायच फिरली. पुढच्या मृगाला माती टाकायला एकही बाई आली नाही. सालगडी रात्री थांबेना.

आत्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिनं शेजारच्या पोराकडून ती कथा वाचून घेतली. मी गेलो तेव्हा भाकरी वाढून झाल्यावर म्हणाली, ‘बरी लिहिलीस रे बाळा. पण मला मेलेली काहून केलंस?’

मला उत्तर सुचलं नाही. कथेला तशी गरज होती, असं काहीतरी बोललो असेन. पुढं काय झालं ते जास्त महत्त्वाचं आहे. जमिनीची वाटणी निघाली. 1994 च्या दुरुस्तीनं महाराष्ट्रात आणि 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीनं देशभर मुलींच्या हक्काची चर्चा गावागावात पोचली होती, आणि तशी आमच्याकडे हक्कसोडपत्राचीही घाई सुरू झाली. चुलत्यांचं म्हणणं, ते घर असंही तसलं आहे, बाई तिथं एकटी राहून काय करणार, सही करून गावात येऊन राहावं. म्हणजे माझ्या कथेतली अफवा घरच्या बैठकीत पुरावा म्हणून आली. मी त्या बैठकीत बसलेलो होतो. बोललो नाही. आत्यानं अंगठा दिला. आखाडा मात्र सोडला नाही, शेवटपर्यंत तिथंच राहिली.

म्हणून मी प्रत्येक भयकथेला हल्ली एकच प्रश्न विचारतो: घर पछाडलेलं आहे असं ठरल्यानं कुणाचं काय जातं? बहुतेक वेळा बाईचं जातं, नाहीतर सालगड्याचं. धारपांची थोरवी यानं कमी होत नाही, रत्नाकर मतकरींची तर नाहीच. मतकरींची भीती बऱ्याचदा मध्यमवर्गीय माणसाच्या आत डोकावते, म्हणून ती लवकर शिळी होत नाही. पण गावातला वाडा आपण त्यांच्याकडून आयता घेतला आणि त्यात राहणाऱ्या माणसांना न विचारता भुतं घातली.

2020 च्या टाळेबंदीत मी आखाड्यावर जाऊन राहिलो, दीड वर्ष. तुमचा मूळ प्रश्न, आवाज येतात का? येतात. लाकडाचा ओळखू येतो, घुबडाचाही. एक आवाज मला लागत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला, पहाटेच्या सुमाराला, माळवदावर कुणीतरी पाय दाबत दाबत चालल्यासारखा येतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश. मी दोनदा वर जाऊन पाहिलं, काही नव्हतं. तिसऱ्यांदा गेलो नाही. मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या बाजूचा माणूस आहे आणि भूत आहे असं म्हणणार नाही. पण ज्या वर्षी तो आवाज पहिल्यांदा ऐकला, त्या वर्षी मी माती टाकलेली नव्हती, एवढं नोंदवून ठेवतो.

इथल्या वाचकमंडळींनी 'वाडा चिरेबंदी'चं वाचन करायचं ठरवलंय आणि जागा शोधतायत, असं कळलं. आखाड्यावर या. यंदा माती टाकून झाली आहे, गळत नाही. जिन्याची चौथी पायरी तेवढी सैल आहे, भिंतीच्या बाजूनं चढा.