हजेरी लागली, पण कोणाची?

‘जोडा आणि वापरा’ हे आश्वासन १९९५ च्या विंडोज ९५ पासून सर्वपरिचित झाले. पुढे २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा एटीएम कार्डाएवढा स्वस्त संगणक आला आणि शाळांच्या प्रयोगशाळांतही ते गृहीत धरले जाऊ लागले. शालेय प्रयोगात या आश्वासनावर कितपत विसंबावे, याचा विचार येथे करायचा आहे.

प्रथम स्वतःचीच एक फजिती सांगतो. मुलांसमवेत आम्ही दोन तापमापक बसवले. एक पत्र्याच्या छपरावर, दुसरा कडुनिंबाच्या सावलीत. प्रत्येकाला एक छोटा बोर्ड आणि दोन्ही बोर्ड यूएसबी केबलने एकाच रास्पबेरी पायला जोडलेले. पहिल्या दिवशी आलेख उत्तम आला. संध्याकाळी वीज गेली, रात्री परत आली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तो छप्पर सावलीपेक्षा थंड! खेदाची गोष्ट अशी, की यंत्रणेबद्दल आम्हाला शंकाच आली नाही. उलट, पत्र्यावरून वारा वाहतो म्हणून असे होत असावे, असे स्पष्टीकरणही आम्ही देऊन टाकले. एका मुलीने छपरावरच्या तापमापकाला ओले फडके गुंडाळले, तेव्हा आलेखातली ‘सावली’ची रेषा खाली आली. दोघांच्या नावांची अदलाबदल झाली होती!

असे का होते, हे समजून घेण्यासारखे आहे. यूएसबीच्या दोन माहितीवाहक तारा संगणकाच्या बाजूस प्रत्येकी १५ किलोओहम रोधातून शून्य विभवाला जोडलेल्या असतात. आलेले उपकरण त्यांपैकी एक तार १.५ किलोओहम रोधातून ३.३ व्होल्टला जोडते. त्या तारेचे विभव किती होईल, हे गणित अकरावीच्या मुलांना जरूर घालावे. उत्तर ३ व्होल्ट येते. विभव वाढले, म्हणजे कोणीतरी आले. कोणती तार वर गेली यावरून उपकरणाचा वेगही कळतो. खटका बसताना जोड क्षणभर थरथरतो, म्हणून संगणक निदान १०० मिलिसेकंद थांबतो. मग तो उपकरणाला १ ते १२७ मधील एक तात्पुरता पत्ता देतो आणि त्याच्याकडून १८ बाइटांची ओळखचिठ्ठी मागतो. तीत निर्मात्याचा आणि नमुन्याचा क्रमांक असतो. इतक्या कमी सामग्रीत इतके काम करणारी ही योजना खरोखर कौतुकास्पद आहे.

उणीव दिसते ती यापुढे. लिनक्स प्रणाली अशा बोर्डांना आगमनाच्या क्रमाने नावे देते: टीटीवाययूएसबी०, टीटीवाययूएसबी१. वीज आल्यावर दोन्ही बोर्ड जवळजवळ एकदमच जागे होतात. आधी कोणाची नोंद होईल याची शाश्वती नसते. रोज सकाळी जो आधी वर्गात येईल त्याला हजेरी क्रमांक १ द्यावा, आणि वर्षअखेर त्याच क्रमांकावरून प्रगतिपुस्तके वाटावीत, तसाच हा प्रकार! मात्र याचा दोष प्रणालीच्या माथी मारणे न्याय्य नाही. नाव कायम राहील असे तिने कधीच म्हटलेले नाही. दोष आहे तो हे तात्पुरते नाव थेट प्रोग्रॅममध्ये लिहायला शिकवणाऱ्या मार्गदर्शिकांचा, आणि त्या डोळे मिटून उतरवून घेणाऱ्या आपलाही.

यावर उपाय आहेत. पण प्रत्येकाला मर्यादा आहे. २००३ पासून विकसित झालेली यूडेव्ह ही व्यवस्था ओळखचिठ्ठीतील अनुक्रमांक पाहून उपकरणाला कायमचे नाव देऊ शकते. परंतु यूएसबीच्या नियमांत अनुक्रमांक ऐच्छिक आहे, आणि बाजारातल्या अनेक स्वस्त बोर्डांत तो नसतोच. अशी जुळी भावंडे ओळखायला मग कोणत्या खाचेत कोण बसले आहे एवढीच खूण उरते. मुलांनी बाक बदलले, की तीही गेली. अत्यंत कमी स्मृती असलेल्या संगणकांवर यूडेव्हऐवजी बिझीबॉक्समधील एमडेव्ह वापरतात. ते आटोपशीर आहे. पण ओळख पटवण्याचे बरेचसे काम आपणच लिहून द्यावे लागते.

बोर्डावरच्या आयटूसी तारांची स्थिती तर याहून बिकट आहे. तेथे आलेली चिप स्वतःहून हजेरी देतच नाही. संगणकालाच एकेका पत्त्यावर हाक मारावी लागते. षोडशमान पद्धतीतील ६८, म्हणजे दशमान १०४, या पत्त्यावरून ‘ओ’ आली, तर ती डीएस३२३१ या घड्याळाची असू शकते किंवा एमपीयू६०५० या गतिमापकाचीही. घरात कोणी आहे हे कळले. कोण आहे, हे नाही.

सांगायचे ते इतकेच, की उपस्थिती आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘जोडा आणि वापरा’ यातील पहिलीची हमी देते, दुसरीची नाही. मोठ्या संगणकावर माऊस या खाचेत लावला काय आणि त्या खाचेत काय, बिघडत नाही. मापनात मात्र कोणते माप कोणाचे, हे चुकले की सारेच चुकले. आणि संगणक चुकीचा कोणताही संदेश देत नाही.

शाळेपुरता उपाय सोपा आहे. प्रत्येक बोर्डाच्या प्रोग्रॅममध्येच त्याचे नाव घालावे, म्हणजे तो नुसते ‘४१.५’ न पाठवता ‘छप्पर, ४१.५’ असे पाठवील. शिवाय रोज नोंदी सुरू करताना एकेक तापमापक मुठीत धरून कोणती रेषा हलते, ते मुलांनीच पाहावे. आणि एकदा मुद्दाम दोन्ही केबली काढून उलट क्रमाने लावून दाखवाव्यात. नावे डोळ्यांदेखत बदललेली पाहिली, की आलेख समजावून सांगण्यापूर्वी तो कोणाचा आहे हे विचारायला मुले विसरणार नाहीत. आम्हीही आता विसरत नाही.