मार्गदर्शक आणि रुमाल

इतिहास विभागात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याचे बोलणे थोडा वेळ ऐकावे. विषय गाईडने ‘दिला’, प्रकरण गाईडकडे ‘अडकले’, गाईडची सही ‘राहिली’. या वाक्यांत गाईडचा अधिकार दिसतो. त्याने शिकवलेले काही दिसत नाही. मार्गदर्शक हे पद पक्के झाले आणि मार्गदर्शन ही क्रिया मागे पडली, असे माझे म्हणणे आहे. त्याचा फटका इतिहासाला इतर अनेक विषयांपेक्षा अधिक बसतो.

कारण कामाच्या स्वरूपात आहे. प्रयोगशाळेतला विद्यार्थी चुकला तर शेजारचा कोणी तरी सांगतो. इतिहासाचा विद्यार्थी पुणे पुरालेखागारात पेशवे दप्तराचा रुमाल सोडून एकटाच बसतो. मोडी अक्षर लागत नाही, शुहूर सनाचा मेळ इसवी सनाशी घालायचा असतो, हातातला कागद अस्सल आहे की नक्कल हे ठरवायचे असते. इथे झालेली चूक प्रबंधात तशीच उतरते आणि तळटिपेच्या आधाराने खरी ठरते. म्हणून इतिहासातले मार्गदर्शन म्हणजे मुख्यतः एकच गोष्ट : कोणी जाणत्याने शेजारी बसून तोच कागद वाचणे. एकोणिसाव्या शतकात बर्लिनला रांके यांनी आपल्या सेमिनारमध्ये हेच केले. मोजके विद्यार्थी, समोर मूळ साधन आणि त्याची कसून तपासणी. आधुनिक इतिहास विभागाची घडण तिथून सुरू झाली.

आपल्याकडेही ही रीत होती, पण बरीचशी विद्यापीठाबाहेर. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले, ते कोणाला पदवी देण्यासाठी नव्हे. रियासतकार सरदेसाई आणि जदुनाथ सरकार यांचा स्नेह व पत्रव्यवहार कित्येक दशके टिकला. फार्सी साधनांसाठी सरदेसायांनी जदुनाथांकडे पाहावे आणि मराठी कागदांसाठी जदुनाथांनी सरदेसायांकडे, असा तो व्यवहार होता. त्याच जदुनाथांच्या मार्गदर्शनाखाली सीतामऊच्या रघुवीरसिंहांनी माळव्यावर प्रबंध लिहिला. तो १९३६ साली ग्रंथरूपाने आला. इथे विद्यार्थ्याचा प्रदेश, त्याची साधने आणि गुरूचे वाचन यांचा मेळ होता.

आता विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२चे नियम पाहू. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. मार्गदर्शक होण्यासाठी पदवी आणि ठरावीक संख्येचे शोधनिबंध लागतात. प्रत्येक सत्रात विद्यार्थ्याने संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. यात वाईट काही नाही. पण विद्यार्थ्याला ज्या साधनांवर काम करायचे आहे ती मार्गदर्शकाला वाचता येतात का, हा प्रश्न या नियमांत कुठेही नाही. म्हणजे मोडी न येणाऱ्याच्या हाताखाली पेशवाईवर आणि पोर्तुगीज न येणाऱ्याच्या हाताखाली गोव्यावर प्रबंध होऊ शकतो, तोही पूर्णपणे नियमात बसून. शिवाय त्या सल्लागार समितीचा निमंत्रक स्वतः मार्गदर्शकच असतो. मार्गदर्शन मिळत नाही ही तक्रार विद्यार्थ्याने मांडायची ती मार्गदर्शकासमोरच.

यावर कोणी म्हणेल, जदुनाथ काही प्रत्येक विभागात मिळत नाहीत आणि जुन्या गुरूंची लहर सोसण्यापेक्षा नियम बरे. आक्षेप रास्त आहे. सरदेसाई-जदुनाथ हे बरोबरीचे होते, कोणाची पदवी कोणाच्या हातात नव्हती. रघुवीरसिंह राजपुत्र होते. वसतिगृहात राहून शिष्यवृत्तीची वाट पाहणाऱ्या मुलीची तुलना त्यांच्याशी होत नाही. मात्र म्हणूनच तिला नियमाचे संरक्षण योग्य जागी हवे. घरात पहिल्यांदाच कोणी एवढे शिकत असेल तर कोणत्या गाईडकडे जावे, कोणता विषय टाळावा हे सांगणारे तिला विभागाबाहेर कोणी नसते.

त्यासाठी फार मोठ्या सुधारणा नकोत. विषय मंजूर करताना साधनांची भाषा व लिपी नोंदवावी आणि ती कोण तपासणार त्याचे नाव लिहावे. मार्गदर्शकाला ती येत नसेल तर सहमार्गदर्शक नेमावा. नियमांत तशी सोय आहेच. प्रत्येक प्रकरणावरचा अभिप्राय लेखी द्यावा. आणि सल्लागार समितीने वर्षातून एकदा तरी मार्गदर्शकाला बाहेर बसवून विद्यार्थ्याचे ऐकावे.

हे नियम पदवीसाठी किमान ३ आणि साधारणपणे कमाल ६ वर्षे धरतात. माणसाच्या उमेदीची एवढी वर्षे जातात तेव्हा ती कोणाच्या शेजारी बसून गेली, हे विचारायला हवे. नाही तर प्रबंध ग्रंथालयात जमा होत राहतील आणि दप्तरातले रुमाल सोडले तरी न वाचताच पुन्हा बांधले जातील.