कोच, टॅलेंट आणि शेवटची गाडी

संघ जिंकत असतो तोवर कोचचं नाव कुणी विचारत नाही. सलग हरायला लागला की मात्र गावात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "पोरी चांगल्या आहेत, शिकवणाराच धड नाही." दुसरा म्हणतो, "कोच तरी काय करणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

बारामती-इंदापूर भागातल्या कॉलेज कबड्डीची मी जुनी प्रेक्षक आहे. ज्या मुलींच्या संघामागे मी फिरते, तो गेली तीन वर्षं विभागीय स्पर्धेतून दुसऱ्या फेरीच्या पुढे गेलेला नाही. त्यामुळे हा वाद मला तोंडपाठ आहे. चहा येईपर्यंत कोचचं काम तमाम झालेलं असतं, आणि ग्लास रिकामे होईपर्यंत पोरींचं.

गंमत म्हणजे एकच पुरावा दोन्ही पक्षांना चालतो. 1 मार्च 2024 ला हैदराबादेत पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून प्रो कबड्डीचं पहिलं विजेतेपद घेतलं. कोचवाले म्हणाले, बी. सी. रमेश यांनी संघ बांधला. टॅलेंटवाले म्हणाले, अस्लम इनामदारसारखा कर्णधार आणि शादलूसारखा इराणी बचावपटू असल्यावर संघ कुणीही बांधला असता. दोघांचंही खरं, म्हणून वाद मिटत नाही.

मला या वादाची सगळ्यात चांगली उलटतपासणी सापडली ती एका सिनेमात. नागराज मंजुळे यांचा 'झुंड', 4 मार्च 2022 ला आलेला. तेव्हा त्यावर भरपूर लिहून झालं: अमिताभ बच्चन, आंबेडकर जयंतीचा प्रसंग, अजय-अतुलचं संगीत. खेळाचा सिनेमा म्हणून तो फार कमी जणांनी वाचला. मला तो तसाच वाचायचाय.

आधी इतर सिनेमे आठवा. 'चक दे! इंडिया'त (2007) मुली देशभरातून निवडून आलेल्या असतात, खेळता येतंच. कबीर खान त्यांना एकमेकींना पास द्यायला शिकवतो. उत्तर: कोच. 'दंगल'मध्ये (2016) बापच कोच असतो, आणि सरकारी कोच इतका खलनायकी रंगवलाय की खरा वाद चांगला कोच विरुद्ध वाईट कोच असा होतो. उत्तर पुन्हा कोच. दोन्हींचा शेवट एकच: मोठा सामना, शेवटचे क्षण, विजय, राष्ट्रध्वज. थिएटरमधून बाहेर पडताना आपल्याला वाटतं, योग्य माणूस मिळाला की झालं.

'झुंड' सुरुवातीला त्याच वाटेने जातो. नागपुरातल्या झोपडपट्टीतली पोरं पावसात प्लास्टिकचा डबा लाथाडत असतात. शेजारच्या कॉलेजचे निवृत्तीला आलेले क्रीडाशिक्षक विजय बोराडे ते बघतात. ते पोरांना फुटबॉल देतात, खेळण्याचे पैसे देतात आणि एके दिवशी पैसे बंद करतात. तोवर पोरांना खेळाची चटक लागलेली असते. ही गोष्ट नागपूरच्या विजय बारसे यांच्या कामावर बेतलेली आहे. हिस्लॉप कॉलेजमध्ये क्रीडाशिक्षक असलेल्या बारसे यांनी 2001 मध्ये 'स्लम सॉकर'ची सुरुवात केली.

मग वस्तीतली पोरं विरुद्ध कॉलेजचा संघ असा सामना होतो. नेहमीच्या सिनेमात हा शेवट असता. मंजुळेंनी तो मध्यावर उरकलाय. पुढच्या जवळजवळ अर्ध्या सिनेमात तसा मोठा सामनाच नाही. आहेत ती कागदपत्रं. परदेशातल्या स्पर्धेसाठी पासपोर्ट हवा. अंकुश गेडामने साकारलेल्या डॉनवर पोलीस केस आहे. रिंकू राजगुरूची आदिवासी मोनिका आणि तिचे वडील ओळख सिद्ध करण्यासाठी दारोदार फिरतात. मुलीच्या पायात खेळ आहे, पण ती 'कोण' आहे हे लिहिलेला कागद तिच्याकडे नाही.

अनेकांना हा भाग लांबलेला वाटला. सिनेमा तीन तासांच्या आसपास आहे, त्यामुळे तक्रार समजते. पण माझ्या मते ही लांबीच सिनेमाचं म्हणणं आहे. गोल मारायला काही सेकंद लागतात, मैदानापर्यंत पोचायला पिढ्या. मंजुळे आपल्याला रांगेत उभं करतात आणि कंटाळू देतात. कॉलेज आणि वस्ती यांच्यामधली भिंत त्यासाठीच आहे. कोच मोठा की टॅलेंट, हा वाद भिंतीच्या आतल्यांचा आहे. जे खेळायला आलेच नाहीत, ते या वादात मोजलेच जात नाहीत.

मंजुळे हे आमच्याकडून पाहतात, असं मला उगाच वाटत नाही. इंदापूर तालुका भीमा आणि नीरा या दोन नद्यांमध्ये वसलाय. उजनीच्या पाण्यापलीकडे करमाळा तालुका, तिथलं जेऊर हे मंजुळेंचं गाव. नीरेपलीकडे अकलूज, ते रिंकूचं. नागपूरची गोष्ट सांगतानाही ही माणसं आमच्याच दोन्ही काठांवरची आहेत. आणि आमच्याकडची भिंत विटांची नाही, वेळापत्रकाची आहे.

माझी चुलत बहीण त्या संघात डावा कोपरा खेळायची. घोटा धरला की सोडायची नाही. कॉलेज संपून सराव सुरू व्हायचा पाचला. तिच्या गावाकडे जाणारी शेवटची गाडी सहाला. म्हणजे वॉर्मअप झाला, दोन-चार पकडी झाल्या की ही बॅग उचलून पळणार. सांघिक बचाव सरावाच्या शेवटी घेतला जायचा, तेव्हा ती गाडीत असायची. सामन्यात साखळी तुटली की प्रेक्षकांतून आवाज यायचा, "कोपऱ्याला अक्कल नाही!" दुसऱ्या वर्षी काकांनी खेळ बंद केला. कोचने तिला काढलं नव्हतं आणि तिचा खेळही संपला नव्हता. तरी आमच्या चर्चेत ती 'टॅलेंट कमी पडलं' या खात्यात जमा आहे.

सोयी नाहीत असंही नाही. बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर 2020 मध्ये रणजीचा सामना झाला. प्रश्न मैदान आहे की नाही एवढाच नसतो. संध्याकाळी साडेसहाला तिथे कोण थांबू शकतं, हा असतो. जिचं घर चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तिचं टॅलेंट आपोआप जास्त दिसतं.

ही गोष्ट जुनी आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. 1948 च्या लंडन ऑलिंपिकआधी ते मातीतच लढत आले होते. तिथे मॅटवर उतरूनही सहावे आले. रीस गार्डनर या अमेरिकन कोचकडून ते शिकले. म्हणजे टॅलेंट होतं, कोचिंगही मिळालं. पण 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. तेव्हा कॉलेजचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आता सांगा, खर्डेकर कुठल्या पक्षाचे? ते खाशाबांचे कोच नव्हते. पण त्यांच्याशिवाय वाद घालायला पदकच नसतं.

एवढं म्हटल्यावर 'झुंड'शी माझं भांडणही सांगायला हवं. या सिनेमात सराव जवळजवळ दिसत नाही. पोरं चेंडू मारायला लागतात आणि थोड्याच वेळात संघ तयार. 'दंगल'मध्ये निदान डाव शिकवताना दिसतात, पाच गुणांची फेक म्हणजे काय ते कळतं. इथे बोराडे प्रेम देतात, विश्वास देतात, अर्ज भरतात, कोर्टात बोलतात; पण पास कधी द्यायचा, जागा कशी धरायची, हे शिकवताना फारसे दिसत नाहीत. त्यातून एक सोयीचा समज तयार होतो: वंचितांच्या पोरांकडे खेळ उपजतच असतो, फक्त दार उघडा. हे कौतुक वाटतं, पण त्यात त्या पोरांची मेहनत गायब होते. वस्तीतल्या पोरालाही तीच फ्री किक हजार वेळा मारावी लागते. ती हजार वेळा मला पडद्यावर बघायची होती.

शिवाय भिंतीचं कारण आळशी कोचलाही पुरतं. "पोरी येतच नाहीत, मी काय करू?" असं म्हणून मोबाइलवर बसणारे मी पाहिलेत. सहाच्या गाडीने जाणारी मुलगी आहे हे माहीत असेल, तर सांघिक बचाव आधी आणि वॉर्मअप थोडक्यात घेता येतो. त्याला पैसे लागत नाहीत, वेळापत्रक बघावं लागतं. माझ्या हिशोबात तेही कोचिंगच आहे. बोराडे ही व्यक्तिरेखा मला म्हणूनच पटते: अर्ज भरणं, बापाला समजावणं, पोलीस ठाण्यात जाणं, ही कामं तो खेळाबाहेरची मानत नाही.

विमानतळावरच्या तपासणीत डॉनला स्वतःजवळचं पातं टाकून द्यावं लागतं, तो प्रसंग मला कुठल्याही गोलपेक्षा मोठा वाटतो. ते पातं भिंतीअलीकडे जगायला लागत होतं. ते टाकायला त्याला टॅलेंट लागलं नाही, आणि कोचने आज्ञाही दिली नाही. पलीकडे खरंच जागा आहे, एवढी खात्री पटावी लागली.

तुमच्या कॉलेजचा संघ हरत असेल तर कोचला शिव्या द्या, खेळाडूंनाही द्या. तो प्रेक्षकांचा हक्क आहे. फक्त आधी दोन गोष्टी विचारून या. निवड चाचणीला किती जणी आल्या होत्या? आणि सराव संपतो तेव्हा किती जणी उरलेल्या असतात? आमच्या संघात गेल्या वर्षी चाचणीला तेवीस जणी होत्या आणि शेवटी नऊ. त्या नऊ जणींवर आम्ही तीन वर्षं वाद घालतोय. उरलेल्या चौदा जणींची नावंसुद्धा आम्हाला माहीत नाहीत.